तेरडा, सायक्लोस्टाइल आणि नखांवरची नक्षी

‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण मी वर्गात निदान तीस वर्षं शिकवली. अर्थ सांगा, वाक्यात उपयोग करा, दोन गुण. फुलापुरती म्हण बरोबर आहे, तेरड्याचं फूल मान टाकायला वेळ लावत नाही. पण ज्यांनी लहानपणी तेरडा वाटून नखांवर बांधलाय त्यांना विचारा! तो रंग तीन दिवसांत काय, तीन महिन्यांतही पुरता जात नाही. खरं तर नखातून तो जातच नाही. नख वाढतं, पुढे सरकतं आणि आपण ते कापतो, तेव्हा कुठे तो जातो. बोटाचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, म्हणजे मुळापासून टोकापर्यंत अख्खं नवं नख यायला सहाएक महिने लागतात. श्रावणात रंगवलेल्या नखाची शेवटची तांबूस कोर आम्हाला संक्रांतीचा तिळगूळ घेताना दिसायची.

हिंदीत तेरड्याला गुलमेहंदी म्हणतात आणि त्या नावात रसायनशास्त्र दडलेलं आहे. मेंदीच्या पानात जे लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं तेच तेरड्यातही सापडतं. नखातल्या केराटिनला ते धरून बसतं, म्हणून धुऊन निघत नाही. कोरियातल्या मुलीही तेरडा वाटून नखांवर बांधतात. पहिला बर्फ पडेपर्यंत नखावर रंग राहिला तर पहिलं प्रेम सफल होतं, असा तिकडे समज आहे. आमच्या जळगावात बर्फ फक्त उसाच्या रसाच्या गाडीवर, त्यामुळे आमची गाडी संक्रांतीच्या पुढे गेली नाही!

असो. सांगायचा मुद्दा असा की आज मुली ज्याला नेल आर्ट म्हणतात आणि घरी बसून छापे लावून करतात, त्याची मुळं शोधायला मी निघाले आणि वाटेत आमचं पाटा-वरवंट्याचं घर, शाळेचं ऑफिस आणि रथाची जत्रा असं सगळंच लागलं.

खानदेशात हात रंगवायचे दोन हंगाम होते. तेरडा पावसाळ्यात, मेंदी आखाजीला. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे दिवाळीपेक्षा तिचा मान मोठा. सासुरवाशिणी माहेरी यायच्या, निंबाला झोके बांधले जायचे, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस. आदल्या रात्री मेंदी. तेव्हा कोन नव्हते, ते बरेच नंतर आले. खराट्याची काडी किंवा आगपेटीची काडी हेच साधन. तळहाताच्या मधोमध रुपयाएवढा गोल, त्याभोवती ठिपके आणि बोटांची टोकं पेरापर्यंत भरून काढायची. टोकं भरली की नखं आपोआप रंगायची. नखं वेगळी रंगवावीत असं कुणाच्या मनातही येत नसे.

आमच्या घरात मेंदी वाटायची माई. माझ्या वडिलांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या, पण सगळे तिला माईच म्हणत. बाविसाव्या वर्षी नवरा गेला आणि ती माहेरी परत आली. तिच्यासारखी बारीक मेंदी गल्लीत कुणी वाटत नसे. मात्र वाटून झाली की पाट्यावरची मेंदी ती स्वतः उचलत नसे. आम्हा मुलींना उचलायला लावायची आणि ताबडतोब राखेने हात घासायची. तरी उजव्या हाताच्या पेरांना आणि नखांच्या कडेला तांबूस छटा राहायचीच. वाटणाऱ्या हाताला रंग लागणारच, त्याला काय करणार? पण आखाजीच्या दिवशी शेजारणी आल्या की माई हात पदराखाली धरून बसायची. मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. त्या पदराचा अर्थ कळायला मला पुढे बरीच वर्षं लागली.

आता थोडं मागे जाऊ. बरंच मागे. कामसूत्रात चौसष्ट कलांची यादी आहे. हे पुस्तक नाव ऐकून लोक बाजूला ठेवतात, पण त्या काळच्या नागर घरातल्या रोजच्या वस्तू आणि छंद समजून घ्यायला ते फार उपयोगी आहे. त्या यादीत दात, वस्त्रं आणि अंग रंगवण्याची कला आहेच. तिच्याशिवाय ‘विशेषकच्छेद्य’ अशी एक वेगळी कला सांगितली आहे. विशेषक म्हणजे कपाळावरचा तिलक आणि छेद्य म्हणजे कापणं. यशोधराने आपल्या जयमंगला टीकेत याचा खुलासा केला आहे: भूर्जपत्रासारखी पानं कातरून तिलकासाठी नाना आकार करणं. म्हणजे अंगावरच्या नक्षीसाठी आधी पान कातरायचं ही युक्ती आपल्याकडे इतकी जुनी, की तिला चौसष्टांत जागा मिळाली. आमच्या जळगावहून अजिंठा साठेक किलोमीटर. शाळेच्या सहली घेऊन मी अनेकदा गेले आहे. सतराव्या लेण्यात आरसा हातात धरून स्वतःला न्याहाळणारी ती राजकन्या आहे ना, तिच्यासमोर मुली जरा जास्त वेळ रेंगाळायच्या. मीही त्यांना घाई करत नसे.

छाप्याचा एक पुरावा मात्र याहून कितीतरी जुना आणि तोही हाताचाच आहे. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर गुहेच्या भिंतीवर माणसाने हात ठेवला आणि त्यावर रंगाचा फवारा मारला. हात काढला, भोवती रंग आणि मधे कोरा हात. त्यातला एक हात किमान ३९,९०० वर्षांपूर्वीचा असल्याचं २०१४ मध्ये जाहीर झालं. आपल्याकडे लग्नघरात नवरी हळद-कुंकवाचे हात भिंतीवर उमटवते, तो ठसा. सुलावेसीचा हात ठशाच्या उलट. ठशात रंग हाताला लागतो, इथे हाताने रंग अडवला आहे. इंग्रजीत या दुसऱ्या प्रकाराला स्टेन्सिल म्हणतात. मराठीत आपण दोघांनाही ‘छापा’ म्हणून मोकळे होतो. रांगोळीचा छापा म्हणजे भोकं पाडलेला पत्रा, ती स्टेन्सिल; आणि कापडावरचा लाकडी छापा, तो ठसा. भाषेच्या शिक्षिकेला हे खटकतं, पण लोकांना अडलं नाही त्यापुढे कुणाचं चालत नाही.

रांगोळीचे छापे आमच्याकडे यायचे ते रथाच्या जत्रेतून. जळगावचा श्रीराम रथोत्सव कार्तिकी एकादशीला असतो, १८७२ पासूनचा. गोल पत्रा, त्याला बारीक भोकं, आत स्वस्तिक नाहीतर कमळ. वर रांगोळी पसरायची, हलकेच हात फिरवायचा आणि छापा सरळ वर उचलायचा. जराही तिरका उचलला की गेलं कमळ. माझ्या आईला हे छापे अजिबात आवडत नसत. चिमटीतून सुटणारी एकसारखी रेघ हीच तिच्या दृष्टीने रांगोळी, छाप्याची म्हणजे आळशी बाईची. माझं मत वेगळं आहे. ज्यांच्या हातात ती रेघ नाही, त्यांनी उंबऱ्यापुढे काहीच काढू नये का? आणि ज्यांच्या हातात आहे पण ज्यांना पुढे येऊ देत नाहीत, त्यांचं काय?

माई छापे कापायची. जुन्या लग्नपत्रिका जाड आणि गुळगुळीत असत, त्या ती जपून ठेवायची. भरतकामाची छोटी कात्री आणि दाढीचं पातं घेऊन दुपारच्या उन्हात माजघरात बसायची. त्या वेळी भरतकामाचे खाके सगळ्याच घरांत करत: पातळ कागदावर नक्षी काढायची, रेघेरेघेवर सुईने टोचायचं आणि कापडावर ठेवून रॉकेलमध्ये कालवलेली नीळ बोळ्याने फिरवायची, की नक्षी ठिपक्यांनी खाली उतरते. माईने तीच अक्कल पुढे नेली. गौरीची पावलं, गोपद्मं, शंख, वेलबुट्टी. पुठ्ठ्याला मेण चोळायची म्हणजे ओलाव्याने वाकत नसे. ‘मधलं पडतं बघ, म्हणून दांडी ठेवायची’ असं ती मला सांगायची. गोलाच्या आत गोल कापला तर आतला तुकडा सुटून पडणार, म्हणून तो धरून ठेवायला बारीक पट्टी सोडावी लागते. पुढे मी पाहिलं, कापसाच्या गाठींवर आणि धान्याच्या पोत्यांवर जी तुटक तुटक अक्षरं असतात त्यांचं कारण हेच. व किंवा ब कापायचा तर त्याचं पोट जागेवर ठेवायला दांडी हवीच.

गल्लीतल्या बायका ‘माईची पावलं द्या ना’ म्हणत आमच्या दारात यायच्या. चैत्रातल्या हळदीकुंकवाला माईला बोलावणं नसे, ते कुणाला वावगंही वाटत नसे. पण ज्या घरी हळदीकुंकू, त्या घरच्या उंबऱ्यावर माईच्या पत्रिकेतून उतरलेली पावलं असायची. माझी आई ताट घेऊन निघाली की माई विचारायची, ‘पावलं नीट उमटली होती का, ते बघून ये.’

१९७३ साली मी धुळे जिल्ह्यातल्या एका शाळेत लागले आणि तिथे मला स्टेन्सिल तिच्या खऱ्या नावाने भेटली. सहामाहीच्या प्रश्नपत्रिका सायक्लोस्टाइल करायच्या. ज्यांनी हे यंत्र पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. मेण लावलेला पातळ, तंतुमय कागद असायचा. टाइपरायटरची रिबन बाजूला करून त्यावर अक्षरं ठोकायची, किंवा आकृती असेल तर टोकदार लेखणीने कोरायची. जिथे मेण खरवडलं तिथून शाई झिरपते. कागद पूर्ण कापला जात नाही, खालचे तंतू अक्षराचं पोट धरून ठेवतात. माईची दांडीची अडचण इथे सुटलेली! डेव्हिड गेस्टेटनर हा हंगेरीत जन्मलेला माणूस लंडनला गेला, १८८१ मध्ये त्याने टोकाला बारीक चाक असलेल्या लेखणीचं पेटंट घेतलं आणि त्यावरून सायक्लोस्टाइल हे नाव पडलं. बेचाळीसच्या चळवळीतली आणि पुढे आणीबाणीतली भूमिगत पत्रकं याच तंत्रावर निघाली. आमच्याकडे मात्र त्यावर ‘रिकाम्या जागा भरा’ निघत.

टाइप करताना चूक झाली तर? त्यासाठी एक छोटी बाटली मिळायची. लालसर, झाकणाला बारीक ब्रश आणि नाकात जाणारा वास. चुकलेल्या अक्षरावर ब्रश फिरवायचा, वाळला की त्यावर पुन्हा ठोकायचं. ती बाटली संपली की नवी लवकर येत नसे. मग आमचे लेखनिक भाऊ काय करत? बाजारात जाऊन बांगडीवाल्याच्या दुकानातून नेलपॉलिशची बाटली आणत. दोन्हींचं काम एकच, वाळून पातळ पापुद्रा धरायचा. गंमत अशी की मुलींनी नेलपॉलिश लावून येऊ नये असा शाळेचा नियम होता आणि ऑफिसच्या कपाटात गुलाबी नेलपॉलिशची बाटली कुलूप लावून ठेवलेली. एका तिमाहीला इंग्रजीच्या पेपरच्या स्टेन्सिलवर इतके गुलाबी ठिपके होते, की मुख्याध्यापक म्हणाले, ‘भाऊ, पेपरला गोवर झालाय.’

हे नेलपॉलिशही मूळचं नखांचं नव्हेच. १९१७ मध्ये अमेरिकेत क्युटेक्सने द्रवरूप नेलपॉलिश आणलं. माझ्या एका मावशीच्या तोंडी शेवटपर्यंत कुठल्याही कंपनीच्या बाटलीला ‘क्युटेक्स’च होतं. पुढे मोटारींसाठी नायट्रोसेल्युलोजचा लवकर वाळणारा रंग निघाला आणि तो नखांवर आला. १९३२ मध्ये रेव्हलॉन निघाली ती चकचकीत अपारदर्शक रंग घेऊन. आपल्याकडे टाटा ऑइल मिल्सने १९५२ मध्ये लॅक्मे सुरू केली. हे नाव एका फ्रेंच ऑपेराचं, आणि त्या नायिकेचं नाव आपल्या लक्ष्मीवरून आलेलं. लक्ष्मी फ्रान्सला जाऊन लॅक्मे होऊन परत आली आणि धुळ्याच्या पाचकंदीलजवळच्या दुकानांत काचेच्या कपाटात जाऊन बसली. १९९८ मध्ये कंपनी हिंदुस्थान लिव्हरकडे गेली, बाटली मात्र तिथेच आहे.

एक सांगायचं राहिलं. एडिसनने १८७६ मध्ये विजेवर चालणाऱ्या लेखणीचं पेटंट घेतलं होतं. सुई भराभर वरखाली होऊन कागदाला भोकं पाडायची, मग त्यातून शाईचा रूळ फिरवायचा. आपला भरतकामाचा खाकाच, फक्त विजेचा. ऑफिसात ती फार टिकली नाही. पण १८९१ मध्ये न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायलीने त्याच कल्पनेवरून गोंदायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. जत्रेत झाडाखाली घूं घूं करत जे यंत्र हातावर नाव गोंदतं, त्याचा आजोबा ऑफिसातला कारकुनी पेन आहे! माझ्या आजीच्या कपाळावरचं गोंदण हातसुईचं होतं. ती म्हणायची, मेल्यावर बरोबर येतं ते एवढंच. माईच्या कपाळावरही होतं. कुंकू पुसलं तरी ते कुणाला पुसता आलं नाही.

आता नखांवरच्या छाप्यांकडे येते. माझी नात हे सगळं घरी करते आणि मी चष्मा लावून शेजारी बसते. बाजारात चिकट पातळ छाप्यांची पानं मिळतात, त्यात चांदण्या, पानं, जाळ्या कापलेल्या. आधी नखाला एक रंग द्यायचा आणि तो पूर्ण वाळू द्यायचा. पूर्ण म्हणजे पूर्ण, नाहीतर छाप्याबरोबर खालचा रंगही उचलून येतो. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पंचेचाळीसच्या आसपास पारा असतो, तेव्हा ब्रश बाटलीतून काढेपर्यंत रंगाच्या तारा निघतात. म्हणून उन्हाळ्यात हे काम सकाळीच. मग छापा नखावर दाबून बसवायचा, विशेषतः कडा, नाहीतर रंग खाली पाझरतो. वर दुसऱ्या रंगाचा पातळ हात किंवा स्पंजच्या तुकड्याने टिपायचं. आणि रंग ओला असतानाच छापा सरळ उचलायचा. वाळू दिला तर छापा आणि नख मिळून एकच पापुद्रा तयार होतो आणि उचलताना कड फाटते. रांगोळीचा नियम तोच, सरळ वर! शेवटी एक पारदर्शक हात.

विकतचे छापे नसले तरी अडत नाही. सेलोटेप नागमोडी कात्रीने कापून लावली की नागमोडी काठ मिळतो. जुन्या मच्छरदाणीचा तुकडा नखावर ताणून वरून रंग टिपला की माशाच्या खवल्यांसारखी जाळी उमटते. आणि फाइलमधल्या कागदाचं भोक फाटू नये म्हणून जी गोल चिकट कडी लावतात, ती नखाच्या मुळाशी लावली की अर्धचंद्र तयार होतो. हे नातीने दाखवलं तेव्हा मला हसूच आलं. आमच्या भाऊंनी नखाचा रंग ऑफिसात नेला आणि आता ऑफिसच्या कड्या नखावर आल्या. (दवाखान्यात जाताना मात्र निदान एका बोटाचा रंग काढून जावं. ऑक्सिजन मोजायचं यंत्र नखातून उजेड पाठवतं, गडद रंगाने त्याचा हिशेब चुकू शकतो.)

कोरोनात २०२१ च्या एप्रिलमध्ये माझ्या चुलतभावाचं निधन झालं. वहिनी जळगावला असते, वय एकसष्ट. पुढच्याच वर्षी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनेही इतर ग्रामपंचायतींना तसं करण्याबद्दल परिपत्रक काढलं. मी ते कात्रण वहिनीला नेऊन दिलं. तिने वाचलं, घडी घालून ठेवलं आणि म्हणाली, ‘ताई, गावाने ठरवलं म्हणून माझ्या कपाळावर हात जात नाही हो.’ मी पुन्हा विषय काढला नाही.

गेल्या आखाजीला मी नातीला घेऊन तिच्याकडे राहायला गेले. मेंदीचे कोन आणले होते, वहिनीने ते आमच्यापुढे सरकवले आणि स्वतः आमरसाच्या तयारीला लागली. दुपारी नातीने छाप्यांचं पान काढलं. वहिनी थोडा वेळ बघत होती. मग म्हणाली, ‘हे मेंदीत धरतात का गं?’ मी विचार केला. कुंकू, बांगड्या, मंगळसूत्र, जोडवी, मेंदी, गजरा. बाईकडून काय काय काढून घ्यायचं याची यादी आपल्याकडे फार काळजीपूर्वक केलेली आहे. पण ती करणाऱ्यांनी बाटलीतला रंग पाहिलेला नव्हता. ‘हे कशातच धरत नाहीत,’ मी म्हटलं.

तिने पानांचा छापा निवडला, रंग फिका जांभळा. डाव्या हाताची नखं तिची तिने रंगवली, उजव्या हाताची नातीने. करंगळीचा छापा जरा तिरका उचलला गेला, तो वहिनीने पुसून पुन्हा करायला लावला. संध्याकाळी शेजारच्या बायका रस घ्यायला आल्या तेव्हा वाट्या तिनेच भरल्या आणि तिनेच पुढे केल्या. एकीची नजर बोटांवर गेली, थोडी थांबली. काही बोलली नाही.

सोमवारी वहिनी पेन्शनच्या कामाला बँकेत गेली होती. सही करताना काउंटरवरच्या मुलीने विचारलं, ‘काकू, ही पानं हाताने काढली?’ वहिनीने तिला फुले मार्केटमधलं दुकान समजावून सांगितलं, आणि छापा ओला असतानाच उचलायचा हेसुद्धा.